रझाकार गेले, किंमत कुणी मोजली?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने असोदा, जि. जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा काहींनी विचारलं, १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा दिवस, खानदेशात त्याचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आपण तेव्हा मुंबई प्रांतात होतो, पूर्व खानदेश जिल्ह्यात. निजामाचं राज्य आपल्या दक्षिणेला होतं. पण सरहद्द किती जवळ होती ते बघा. पहूर, शेंदुर्णी इकडे. फर्दापूर, सोयगाव तिकडे. चाळीसगाव इकडे, घाट चढला की कन्नड तिकडे. बोली जवळची, सोयरीक दोन्हीकडची, बाजारहाट एकमेकांत गुंतलेला. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं तेव्हा त्याची एक तुकडी चाळीसगावहूनच निघून कन्नड, दौलताबादकडे गेली. तेव्हा हा इतिहास आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो मुस्लिम तरुणाला दरवर्षी विचारला जातो, कधी तोंडाने, कधी नुसत्या नजरेने. हा दिवस तुमचा की त्यांचा? त्यावर आपली पोरं एक तर गप्प बसतात, नाहीतर मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलतात. असे दोन मजकूर फिरतात. एकात फक्त रझाकारांचे अत्याचार असतात, आणि गोष्ट १७ सप्टेंबरला संपते. दुसऱ्यात फक्त मुसलमानांची कत्तल असते, आणि गोष्ट १७ सप्टेंबरलाच सुरू होते. दोन्हींत खरं आहे, पण दोन्ही अर्धे आहेत. मी आज हे दोन अर्धे तारखांच्या क्रमाने एकापुढे एक ठेवणार आहे. क्रम लावला की एक गोष्ट दिसते, ती आधीच सांगून टाकतो. एखाद्या समाजाच्या नावाने खासगी सेना उभी राहते, ती सरकारला वेठीला धरते, सत्ता ढासळते, लष्कर येतं. आणि या सगळ्याचा हिशेब चुकवावा लागतो त्या समाजातल्या अशा माणसांना, ज्यांनी कधी काठीही हातात घेतली नव्हती.

हे फक्त हैदराबादचं नाही. आफ्रिकेच्या मध्यभागी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक नावाचा देश आहे. तिथे २०१३-१४ मध्ये, म्हणजे इथल्या तरुणांच्या हयातीत, जवळजवळ याच क्रमाने हेच घडलं. आधी आपल्या घराजवळचं बघू, मग तिकडे जाऊ.

राज्य कुणाचं होतं?

हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेत एक कोटी साठ लाखांच्या वर होती. त्यात मुस्लिम साधारण बारा-तेरा टक्के. भाषा तीन: तेलुगू, मराठी, कानडी. मराठी जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. कारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. वरच्या नोकऱ्यांत मुस्लिमांचं प्रमाण त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठं होतं. हे मान्य केलं पाहिजे. बहुसंख्य प्रजेला आपल्याच मुलखात आपली भाषा शिकायची सोय नव्हती, सभा घ्यायची मोकळीक नव्हती, राज्यकारभारात आवाज नव्हता. त्या लोकांनी लढा केला तो हक्काचा लढा होता.

पण त्याच वेळी हेही बघा. औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या गावागावांतला मुसलमान कोण होता? पिंजारी, मोमीन, तांबोळी, खाटीक, बागवान, शेतमजूर, फार तर पोलिसातला शिपाई. जमिनीचा मोठा भाग जहागीरदारांकडे आणि निजामाच्या खासगी मालकीत होता. जहागीरदार आणि देशमुखांत हिंदू होते, मुसलमानही होते. गरिबांतही दोन्ही होते. राज्य निजामाचं होतं आणि दरबारी वर्गाचं होतं.

या गरीब मुसलमानाला सांगण्यात आलं की राज्य तुझं आहे. इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ मध्ये सुरू झाली. बहादुर यार जंग यांच्या काळात तिने एक सिद्धान्त मांडला, 'अनल मलिक'. म्हणजे सत्ता प्रत्येक मुसलमानाची, निजाम हे त्या सत्तेचं फक्त प्रतीक. ऐकायला गोड वाटतं. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी नाही त्याला सांगायचं, तू बादशहा आहेस. त्याला त्यातून ना जमीन मिळाली, ना शाळा, ना मत देण्याचा अधिकार. मिळालं एवढंच की शेजारच्या माणसाच्या लेखी तो राज्यकर्ता ठरला. पुढे किंमत वसूल झाली ती या कागदी बादशाहीची.

बहादुर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ मध्ये संघटनेची सूत्रं लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आली, आणि रझाकार म्हणजे स्वयंसेवक या नावाखाली एक खासगी फौज वाढू लागली.

पहिला कब्जा रझाकारांनी केला

आपण म्हणतो, सप्टेंबर १९४८ मध्ये लष्कराने हैदराबाद ताब्यात घेतलं. बरोबर आहे. पण त्याच्या जवळजवळ अकरा महिने आधी एक कब्जा झाला होता, आणि त्याच्याबद्दल आपण बोलत नाही.

ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने भारतात सामील व्हायचं टाळलं, पण वाटाघाटी चालू होत्या. त्याचे पंतप्रधान छतारीचे नवाब, कायद्याचे सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांनी दिल्लीशी बोलून एका कराराचा मसुदा ठरवला. त्यावर सही करण्यासाठी हे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे रझाकारांनी आणि इत्तेहादच्या हजारो लोकांनी त्यांच्या घरांना वेढा घातला आणि जाणं बंद पाडलं. पोलीस बघत राहिले. निजामाने ते शिष्टमंडळच बदललं. छतारीच्या नवाबांनी राजीनामा दिला. 'जैसे थे' करार अखेर २९ नोव्हेंबरला झाला, एका वर्षासाठी. पंतप्रधान झाले मीर लायक अली, इत्तेहादला चालतील असे.

याला काय म्हणायचं? त्या दिवशी टोपी निजामाच्या डोक्यावरच राहिली, पण निर्णय रस्त्यावरच्या जमावाकडे गेला. सरकारच्या पोलिसांपेक्षा संघटनेचे दंडेवाले मोठे झाले. राजकीय अस्थिरता म्हणतात ती इथून पाहायला शिकलं पाहिजे. तोफा फार उशिरा येतात. त्याच्या आधी कधीतरी एका पहाटे कायद्याने नेमलेल्या माणसाच्या घराला वेढा पडतो आणि कुणी उठवत नाही.

पुढच्या दहा महिन्यांत काय झालं ते मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. गावं लुटली गेली, जाळली गेली, खंडण्या वसूल झाल्या, माणसं मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. हजारो हिंदू कुटुंबं घरदार सोडून मुंबई प्रांतात, वऱ्हाडात, मद्रास प्रांतात आली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. तेलंगणात शेतकऱ्यांचा आणि कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा देशमुख-जहागीरदारांविरुद्ध पेटलेला होता, आणि त्यांच्यावरही रझाकार सोडले गेले. हे अत्याचार इस्लामच्या नावाने झाले, आपलं नाव घेऊन झाले. ते सांगताना आपण आवाज खाली आणायचं कारण नाही. उलट आपणच ते सांगितलं पाहिजे.

ज्यांनी नाही म्हटलं

आणि हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी मिळवून दिला, तर त्या काळातल्या काही मुसलमानांनीच. शायर मख्दूम मोहिउद्दीन निजामशाहीविरुद्ध तेलंगणातल्या लढ्यात होते. ऑगस्ट १९४८ मध्ये बाकर अली मिर्झा, फरीद मिर्झा यांच्यासह सात मुस्लिमांनी निवेदन काढलं: रझाकार संघटना बरखास्त करा, हैदराबाद भारतात सामील करा. अशा वेळी सही करणं म्हणजे काय होतं, याची कल्पना त्यांना होती.

ते निवेदन 'इमरोज' या उर्दू दैनिकाने छापलं. संपादक शोएबुल्ला खान, वय अठ्ठावीसच्या आसपास. रझाकारांच्या विरोधात ते आधीपासून लिहीत होते, धमक्या येत होत्या. २१ ऑगस्टच्या रात्री कामावरून घरी परतताना हैदराबादेत त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि हात तोडला, लिहिणारा हात. काही तासांत ते गेले.

माझी आपल्या शाळांतल्या शिक्षकांना विनंती आहे. उर्दू शाळा असो की मराठी, १७ सप्टेंबरला या माणसाचं नाव घ्या. मुक्तिसंग्रामातलं आपलं स्थान कुठे आहे, असं मुलं विचारतात ना? ते इथे आहे. आणि दुसरी गोष्ट मुलांना दाखवा. रझाकारांनी मारलेला हा संपादक मुसलमान होता. खासगी सेना आधी परक्यावर हत्यार चालवते असा आपला समज असतो. आपल्यातला जो नाही म्हणतो, तोही तिला तितकाच परका असतो.

पाच दिवस आणि त्यानंतर

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य चारी बाजूंनी आत गेलं. मुख्य फौज सोलापूरकडून, पहिल्याच दिवशी नळदुर्ग. चाळीसगावकडच्या तुकडीचं मी सांगितलं, बुलढाण्याकडची जालन्याला गेली. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. १८ ला सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. सरकारी भाषेत ही 'पोलीस कारवाई' होती, पण प्रत्यक्षात रणगाडे होते, विमानं होती, आणि नंतर चौधरींना लष्करी गव्हर्नर नेमण्यात आलं. म्हणजे आपल्या देशाच्या एका मोठ्या भागात काही काळ लष्करी राजवट होती. आपल्या मुलांना हे ठाऊकसुद्धा नसतं.

बहुसंख्य प्रजेच्या डोक्यावरचं दडपण गेलं. त्यांच्यासाठी ती मुक्ती होती, आणि तिला मुक्ती म्हणण्यात आपल्याला संकोच वाटू नये. पण त्याच आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत दुसरी गोष्ट घडली. बदला सुरू झाला. रझाकार बहुतेक पळाले होते किंवा पकडले गेले होते. सापडले ते गावातले मुसलमान.

पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरलं. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, शेकडो लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या दरम्यान आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. त्यांनी लिहिलं की काही ठिकाणी सैनिकांनी मुस्लिमांचं रक्षण केलं, आणि काही ठिकाणी वर्दीतली माणसं लुटीत आणि हत्येत सामील झाली. गृहमंत्री सरदार पटेल यांना हा अहवाल मान्य नव्हता. आकड्यांवर वाद आहे, तो अभ्यासकांनी करावा. पण अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला, तो सरकारने स्वतःहून लोकांपुढे ठेवला नाही, हे बरं झालं नाही. कपाटातलं सत्य लोकांच्या तोंडी अफवा होऊन फिरतं, आणि अफवेला कुणी उलटतपासणी करत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती मला फार मोलाची वाटते. कित्येक हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवलं, जिवावर उदार होऊन वाचवलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना आसरा दिला आणि त्यापायी स्वतः मेले. एका पेशाची माणसं, रोज एका कामाला बसणारी. कुणाच्या भाषणाने ते तयार झाले नव्हते. रोजच्या कामाच्या ओळखीने तयार झाले होते.

आता नेत्यांचं काय झालं ते ऐका. मीर लायक अली हैदराबादेत नजरकैदेत होते, १९५० मध्ये निसटून पाकिस्तानला गेले. कासिम रझवींना शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटले आणि तेही पाकिस्तानला गेले. निजाम तर १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख होता, भारतीय राज्यघटनेखाली. उस्मानाबादच्या खेड्यातली मोमिनाची विधवा कुठे जाणार होती? ती तिथेच राहिली. तिच्या नातवाला आजही कुणी भांडणात सहज रझाकार म्हणतं.

बांगी शहरातली तीच गोष्ट

आता आफ्रिकेत जाऊ. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हा फ्रेंचांच्या ताब्यातला मुलूख, १३ ऑगस्ट १९६० ला स्वतंत्र झाला. राजधानी बांगी. हिरे, सोनं, इमारती लाकूड सगळं आहे, आणि तरी जगातल्या सगळ्यात गरीब देशांत गणना. त्यांच्या स्वातंत्र्याचे नेते बार्थेलेमी बोगांडा. सांगो भाषेतलं त्यांचं घोषवाक्य होतं 'झो क्वे झो', म्हणजे प्रत्येक माणूस हा माणूस आहे. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी ते विमान अपघातात गेले.

त्यानंतर तिथे सत्ता पाच वेळा बंदुकीने बदलली. १९६५ च्या शेवटच्या रात्री लष्करप्रमुख बोकासाने अध्यक्ष डाको यांना हटवलं. पुढे १९७७ मध्ये त्याने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घेतला. १९७९ मध्ये फ्रेंच सैन्याने त्याला काढून डाकोंना परत बसवलं. १९८१ मध्ये जनरल कोलिंग्बा. २००३ मध्ये जनरल बोझिझे. आणि २०१३ मध्ये सेलेका. ज्या देशात वर चढायचा जिना बराकीतून जातो, तिथे प्रत्येक नाराज गट आधी बंदूक शोधतो.

सेलेका या शब्दाचा सांगो भाषेत अर्थ आहे युती. ईशान्येकडच्या दुर्लक्षित भागातल्या बंडखोरांची ही युती. त्या भागातल्या लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. सेलेकाचे बहुतेक लढवय्ये मुस्लिम होते, काही शेजारच्या चाड आणि सुदानमधून आलेले. २४ मार्च २०१३ ला त्यांनी बांगी घेतलं आणि मिशेल जोतोदिया अध्यक्ष झाले, त्या देशाचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. देशात मुस्लिम साधारण दहा-पंधरा टक्के. हैदराबादचा आकडा आठवा.

सेलेकाच्या माणसांनी लूट केली, गावं जाळली, खून केले. सप्टेंबरमध्ये जोतोदियांनी सेलेका बरखास्त केल्याचं जाहीर केलं. कागदावर. बंदुका ज्याच्या त्याच्याकडेच राहिल्या. मग गावांतल्या राखणदार टोळ्या आणि जुन्या सैन्यातली माणसं एकत्र येऊन अँटी-बालाका नावाची दुसरी सेना झाली. ५ डिसेंबर २०१३ ला त्यांनी बांगीवर हल्ला केला. जानेवारीत जोतोदियांनी राजीनामा दिला आणि ते देशाबाहेर गेले. इथेही नेता गेला.

मागे कोण राहिलं? दुकानदार, गुरं राखणारे, ट्रक चालवणारे, बाजारात बसणाऱ्या बाया. त्यांच्यातल्या बहुतेकांना सेलेकाने कधी विचारलंही नव्हतं. त्यांना घराघरातून काढून मारलं. लाखो माणसं चाड आणि कॅमेरूनला पळाली. ट्रकांवर लटकून गेली. जो पडला तो जमावाच्या हाती गेला. बांगीत मुस्लिम उरले ते मुख्यतः एका वस्तीत कोंडलेले, पीके-५ या नावाची. अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतांनी २०१५ मध्ये सांगितलं की देशातल्या ४३६ मशिदींपैकी ४१७ उद्ध्वस्त झाल्या.

मुसलमानांच्या नावाने सत्ता आली आणि दहा महिन्यांत मुसलमानांना देश सोडावा लागला. सेलेकाच्या जल्लोषात सामील झालेल्या किंवा गप्प राहिलेल्या लोकांना त्या मार्चमध्ये हे दिसत नव्हतं. दिसलं होतं ते इमाम ओमर कोबिन लायामा यांना. ते तेव्हा देशातल्या मुस्लिम परिषदेचे प्रमुख होते. सेलेका आल्यापासूनच ते बांगीचे आर्चबिशप न्झापालाइंगा आणि प्रोटेस्टंट पाद्री गेरेकोयामे यांच्याबरोबर गावोगाव फिरत होते, सांगत होते की हे धर्मयुद्ध नाही, सत्तेची लूट आहे. अँटी-बालाकाचा हल्ला झाला तेव्हा इमामांचा जीव धोक्यात आला. आर्चबिशपांनी त्यांना कुटुंबासह आपल्या घरी नेलं, आणि ते कित्येक महिने तिथेच राहिले. नमाजही तिथेच. इतर ठिकाणीही पाद्र्यांनी मुस्लिमांना चर्चच्या आवारात ठेवून घेतलं. हैदराबादचे विणकर आठवा. हिशेब तोच आहे.

फरक कुठे पडला?

साम्य सांगितलं, आता फरक सांगतो. तो सांगितला नाही तर मी तुम्हाला फसवलं असं होईल.

हैदराबादेत लष्कर आलं ते दिल्लीतल्या नागरी सरकारच्या हुकमाने आलं. लष्करी गव्हर्नर डिसेंबर १९४९ पर्यंत, सुमारे पंधरा महिने राहिले. २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोडी हे मुलकी अधिकारी मुख्यमंत्री झाले. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि बुर्गुला रामकृष्ण राव यांचं निवडून आलेलं सरकार बसलं. त्या निवडणुकीत पूर्वीच्या रझाकाराच्या शेजाऱ्यालाही मत होतं आणि त्याने ज्याला लुटलं त्यालाही. १९५६ मध्ये भाषेनुसार राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मराठी मुलखात आला. जनरल चौधरी पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले, पण राजकारणी झाले नाहीत. त्यांनी खुर्ची सोडली, आणि सोडायची असते हे सर्वांनी गृहीत धरलं होतं. बांगीत हेच गृहीत धरता येत नव्हतं.

'झो क्वे झो' आणि आपल्या राज्यघटनेतलं समान नागरिकत्व, दोन्हींचा अर्थ एकच आहे. पण एक घोषवाक्य राहिलं, आणि दुसऱ्यामागे निवडणूक आयोग, न्यायालयं, मतदार यादी उभी राहिली. त्या यंत्रणा दुबळ्या होतात तेव्हा घटनेचंही घोषवाक्य होतं. म्हणून मतदार यादीत नाव आहे का हे बघणं मला कुठल्याही जोशपूर्ण भाषणापेक्षा मोठं काम वाटतं.

पण एका बाबतीत बांगी आपल्या पुढे गेलं. तिथल्या दोन्ही सेनांच्या माणसांवर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटले उभे राहिले. अँटी-बालाकाच्या दोन नेत्यांना २०२५ मध्ये शिक्षा झाल्या. आपल्याकडे १९४८ च्या बदल्याच्या हत्यांबद्दल असा सार्वजनिक न्याय झाला नाही. मी सूड मागत नाही, गुन्हेगार आता जिवंतही नसतील. नोंद मागतो.

मग आपण काय करायचं?

चार गोष्टी सुचवतो आणि थांबतो.

पहिली, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला जिथे असाल तिथे जा. निजामाचं राज्य आपलं नव्हतं. त्याच्या पतनाचं सुतक आपल्याला नाही.

दुसरी, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची जी माणसं आहेत त्यांच्या आठवणी लिहून घ्या. सोयगाव-कन्नडकडे नातेवाईक असतील तर तिकडच्याही. हिंदूंच्याही घ्या आणि मुसलमानांच्याही, आणि एकाच वहीत घ्या. दोन वेगळ्या वह्या केल्या की पुन्हा दोन अर्धे मजकूर तयार होतील. फार तर पाच-सात वर्षं हातात आहेत.

तिसरी, कौमच्या रक्षणाच्या नावाने कुणी सेना, दल, पथक काढत असेल, मग ते हातात लाठी देवो की नुसता मोबाईलवर गट काढो, तर पहिल्या दिवशी नाही म्हणा. वर्गणी देऊ नका, पोरगं पाठवू नका. धोका असेल तर पोलिसांत अर्ज द्या, पोच घ्या, शांतता समितीत बोला, वकील करा, न्यायालयात जा. मला ठाऊक आहे की ही वाट हळू आहे आणि तिच्यावर अपमानही होतो. पण १९४७ च्या ऑक्टोबरात ज्यांना ती फार हळू वाटली, त्यांनी निवडलेल्या वाटेवर वर्षभरात काय झालं ते आपण आत्ता ऐकलं. हेच मी इथे बसलेल्या हिंदू बांधवांनाही सांगतो. तुमच्या नावाने कुणी दल काढलं तर तेही तुमचं रक्षण करणार नाही. तुमच्यातला शोएबुल्ला ते शोधेल.

चौथी, रझाकार हा शब्द शिवी म्हणून वापरला गेला तर चिडू नका, पण सोडूनही देऊ नका. शांतपणे विचारा, बाबा, रझाकारांनी ज्याला मारलं तो शोएबुल्ला खान कोण होता, ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर सांगा. सांगायला पाच मिनिटं लागतात.

बाहेर चहा ठेवलेला आहे. पण त्याआधी प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा. बहिणींना आधी बोलू द्या, त्यांचा नंबर नेहमी शेवटी येतो आणि तोवर वेळ संपलेली असते.

जय हिंद. जय संविधान.